विमा नसलेल्या माणसाचा दवाखाना : सरकारने काय करावे, आपण काय करावे



शेतकी खात्याकडून या अंकात लागणीची, खतांच्या मात्रांची, पाण्याच्या पाळ्यांची माहिती यावी अशी आपली अपेक्षा असते आणि ती रास्त आहे. परंतु आम्ही गटागटांत फिरतो तेव्हा उसाच्या बोलण्यात एक दुसराच विषय हमखास निघतो. कोणाचे खोडव्याचे बिल जसे आले तसे दवाखान्यात गेलेले असते, कोणी सोसायटीचे कर्ज भरायचे थांबवून आईचे ऑपरेशन केलेले असते. मग वाद सुरू होतो. एक म्हणतो, "सरकारने सगळ्यांचा दवाखाना फुकट केला पाहिजे." दुसरा म्हणतो, "फुकटाला किंमत नसते. ज्याने-त्याने आपला विमा काढावा." तिसरा म्हणतो, "आता कार्ड आहे की! मग सरकारी दवाखाना हवा कशाला?"

तिघांच्याही म्हणण्यात थोडे थोडे तथ्य आहे, आणि म्हणूनच हा वाद मिटत नाही. तेव्हा या प्रश्नाची नीट मांडणी करावी, एवढाच या लेखाचा हेतू.

आधी हिशोब

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत (जुलै २०१७ ते जून २०१८) ग्रामीण भागातील सुमारे ८६ टक्के लोकांना आरोग्य खर्चाचे कसलेही संरक्षण नव्हते. ना सरकारी, ना खाजगी. त्याच पाहणीत बाळंतपण वगळून दवाखान्यात दाखल होण्याचा सरासरी खर्च काढला आहे. ग्रामीण रुग्णाला सरकारी रुग्णालयात सरासरी ४,२९० रुपये लागले, तर खाजगीत २७,३४७ रुपये.

हे आकडे आपल्या भाषेत मांडू. २०१७-१८ च्या हंगामात एफआरपी ९.५ टक्के उताऱ्याला टनाला २,५५० रुपये होती. म्हणजे खाजगी दवाखान्यात एकदा दाखल व्हायचे तर सुमारे पावणेअकरा टन ऊस गेला. एकरी ४० टन उत्पादन धरले तर हा जवळजवळ अकरा गुंठ्यांचा ऊस झाला, तोही तोडणी-वाहतूक न वजा करता. सरकारी रुग्णालयात तेच काम पावणेदोन टनांच्या आत होत होते. हे सरासरीचे आकडे आहेत. हृदयाचे, मूत्रपिंडाचे किंवा कर्करोगाचे दुखणे असेल तर गुंठे मोजून भागत नाही, एकर मोजावे लागतात.

विमा म्हणजे काय, आणि तो एकट्यावर का सोडता येत नाही

विमा हा शब्द मोठा वाटतो, पण कल्पना सहकाराचीच आहे. समजा, शंभर शेतकऱ्यांपैकी दरवर्षी दोघांचा ऊस जळतो आणि प्रत्येकाचे एक लाखाचे नुकसान होते. कोणाचा जळेल हे आधी कोणालाच ठाऊक नाही. शंभरही जणांनी वर्षाला दोन-दोन हजार काढून ठेवले तर दोन लाख जमतात आणि दोघेही उभे राहतात. बाकीच्या अठ्ठ्याण्णव जणांचे पैसे वाया गेले असे कोणी म्हणू नये. त्यांनी वर्षभराची निश्चिंती विकत घेतली.

आता हीच योजना ऐच्छिक करून बघा. ज्यांच्या शेतावरून विजेच्या तारा लोंबकळतात ते आधी पैसे भरतील. ज्यांचे शेत मोकळ्या रानात आहे ते म्हणतील, "आम्हाला काय गरज?" मग शंभरात दोन नव्हे, दहा फड जळू लागतील. हप्ता पाचपट होईल. हप्ता वाढला की आणखी काही चांगले शेतकरी बाहेर पडतील, आणि शेवटी योजनाच मोडेल.

आरोग्य विम्याचेही असेच आहे. म्हणून खाजगी कंपन्या वय बघतात, जुने आजार विचारतात आणि त्या आजारांसाठी थांबायला लावतात. २०२४ च्या नियमांनुसार आधीपासून असलेल्या आजारासाठी जास्तीत जास्त तीन वर्षांची प्रतीक्षा लावता येते. पूर्वी ती चार वर्षे होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून व्यक्तिगत आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के जीएसटीही काढून टाकण्यात आला. या सुधारणा चांगल्याच आहेत. ज्याला झेपते त्याने विमा जरूर काढावा, आणि तरुणपणी, धडधाकट असताना काढावा.

परंतु साठी उलटलेला, साखर आणि रक्तदाब दोन्ही असलेला दोन एकरांचा शेतकरी हप्त्याचा आकडा ऐकूनच माघारी फिरतो. ज्याला विम्याची सर्वांत जास्त गरज, त्यालाच तो सर्वांत महाग. हा कोणाच्या लबाडीचा परिणाम नाही, त्या व्यवहाराचे गणितच तसे आहे. आणि जे गणित बाजारात सुटत नाही ते सर्वांनी मिळून, म्हणजे सरकारमार्फत सोडवावे लागते. सरकारने यात पडावे की नाही हा वाद आमच्या मते येथेच संपतो. खरा वाद पडावे कसे, हा आहे.

जुनी जाणीव, अपुरी कृती

ही जाणीव नवी नाही. १९४३ साली नेमलेल्या भोर समितीने १९४६ साली अहवाल दिला. ऐपत नाही म्हणून कोणीही उपचाराविना राहू नये, हे त्याचे पहिले सूत्र होते. पुढे राज्यघटनेच्या ४७ व्या कलमात सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य म्हणून नोंदले गेले. १९४८ साली कामगार राज्य विमा कायदा झाला. कामगाराने थोडे भरावे, मालकाने अधिक भरावे आणि कामगारासह त्याच्या कुटुंबाला उपचार मिळावेत, अशी ती उत्तम व्यवस्था. पण हंगामी कारखाने त्या कायद्यातून वगळले होते आणि हंगामी उद्योगांच्या यादीत साखरेचे नाव स्पष्ट घातलेले होते. ऊसतोड मजूर तर कारखान्याच्या हजेरीपटावरही नसतो. तो मुकादमाकडून उचल घेऊन येतो आणि टोळीत काम करतो. म्हणजे आपला सगळा धंदा ज्याच्या कोयत्यावर चालतो तो माणूस देशातल्या सर्वांत जुन्या आरोग्य विम्याच्या बाहेरच राहिला.

जगात या प्रश्नावर वेगवेगळ्या वाटा निघाल्या. जर्मनीने १८८३ साली कामगार आणि मालक यांच्या सक्तीच्या वर्गणीतून आजारपणाचा विमा सुरू केला. इंग्लंडने ५ जुलै १९४८ पासून करांच्या पैशातून सर्वांसाठी सरकारी आरोग्यसेवा सुरू केली. अमेरिकेने बहुतांश भार खाजगी विम्यावर ठेवला. वृद्ध आणि गरीब यांच्यासाठी तेथे १९६५ साली सरकारी योजना आल्या, आणि राहिलेल्यांसाठी २०१० साली कायदा करावा लागला, तरी तेथला वाद आजही मिटलेला नाही. थायलंडसारख्या आपल्यासारख्याच शेतीप्रधान देशाने २००२ पासून सर्व नागरिकांना उपचारांचे संरक्षण दिले, आणि त्याचा पाया म्हणून तालुक्याची सरकारी रुग्णालये आधी उभी केली. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवावी.

आपल्याकडे दोन वाटा एकाच वेळी चालू आहेत. पहिली वाट सरकारी दवाखान्याची. सपाट प्रदेशात ५,००० लोकवस्तीला एक उपकेंद्र आणि ३०,००० लोकवस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, वर ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालय अशी ही उतरंड आहे. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या या संस्थांतील तपासणी व उपचार सर्वांसाठी निःशुल्क करण्यात आले.

दुसरी वाट कार्डाची. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी राज्यातील आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्यभर आली. तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाखांचे संरक्षण होते. २०१७ मध्ये तिला महात्मा ज्योतिराव फुले यांचे नाव मिळाले. केंद्राची आयुष्मान भारत योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली आणि २०२० पासून राज्यात दोन्ही एकत्र राबवल्या जाऊ लागल्या. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने संरक्षण कुटुंबाला वर्षाला पाच लाख झाले, त्यात १,३५६ उपचार धरले, आणि शिधापत्रिका कोणत्याही रंगाची असो, राज्यातील सर्व कुटुंबांना योजना खुली झाली. सत्तर वर्षे व त्यावरील सर्वांसाठी, उत्पन्न न पाहता, २९ ऑक्टोबर २०२४ पासून केंद्राचे वेगळे वय वंदना कार्ड आले.

आमच्या गटातील पुष्कळ सभासद अजूनही समजतात की पांढरे रेशन कार्ड असेल तर ही योजना मिळत नाही. ती समजूत आता जुनी झाली. ती काढून टाकावी.

कार्ड आहे, मग अडले कोठे?

येथे तिसऱ्या मित्राचे म्हणणे तपासू. कार्ड असले की सरकारी दवाखान्याची गरज उरत नाही का?

पहिली अडचण अशी की, कार्ड मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या, यादीतल्या उपचारांसाठी आहे. रोजची रक्तदाबाची गोळी, साखरेची तपासणी, मुलाचा ताप, गरोदरपणातील तपासण्या हे सगळे बाहेर राहते. आणि खिशातून जाणारा पैसा एकदम मोठ्या ऑपरेशनलाच जातो असे नाही. तो महिन्याच्या महिन्याला औषधांच्या दुकानात झिरपत असतो.

दुसरी अडचण अंतराची. मान्यताप्राप्त रुग्णालये शहरात आणि मोठ्या तालुक्याच्या गावी दाटीने असतात. फडात सापाने चावलेल्या माणसाला पाच लाखांच्या कार्डापेक्षा जवळच्या आरोग्य केंद्रात असलेली लस आणि ती टोचणारा डॉक्टर लागतो. ठिबकला अनुदान मिळाले, नळ्या अंथरल्या, पण विहिरीत पाणीच नाही, असे झाले तर उसाने काय करावे?

तिसरी अडचण जास्त गंभीर आहे. पैसे दुसरा भरतो म्हटले की नको ते उपचार करण्याचा मोहही होतो. बिहार, छत्तीसगड आणि राजस्थान या राज्यांत गरज नसताना गर्भाशये काढल्याच्या तक्रारींवर २०१३ साली सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. त्यात गरिबांसाठीच्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेचा पैसा मिळवण्यासाठी अशा शस्त्रक्रिया झाल्याचा मुद्दा होता. ५ एप्रिल २०२३ रोजी न्यायालयाने सर्व राज्यांना याबाबतची मार्गदर्शक तत्त्वे लागू करण्याचे आदेश दिले.

आपल्या दारातली गोष्ट

हे परराज्यातले म्हणून सोडून देण्यासारखे नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या प्रश्नावर २०१९ साली राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीतील ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे दर सहा जणींमागे एक. या शस्त्रक्रिया बहुतेक खाजगी दवाखान्यांत, पदरचे किंवा उसने पैसे घालून झालेल्या होत्या.

असे का झाले? तोडणीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. खाडा झाला की उचलीतून पैसे कापले जातात. फडात ना संडास, ना न्हाणी, ना पुरेसे पाणी. पाळीच्या दिवसांतही मोळ्या वाहाव्या लागतात. अंगावर काढलेले साधे दुखणे वाढत जाते. सहा महिने गावाबाहेर असल्याने सरकारी दवाखान्यातील नोंद तुटते. मग गावी परतल्यावर कोणी सांगते, "पिशवी काढून टाक, कटकट मिटेल." बऱ्याच जणींचे वय तेव्हा पस्तीस-चाळीसच्या घरात असते. त्यानंतर हाडे दुखतात, कंबर धरते आणि पूर्वीसारखा कोयता चालत नाही. ऑपरेशनचे कर्ज मात्र पुढच्या उचलीत मिसळून जाते.

येथे विमा असता तर प्रश्न सुटला असता का? आमच्या मते नाही. विम्याने फक्त तीच नको असलेली शस्त्रक्रिया तिला फुकट झाली असती. त्या बाईला हवी होती वेळेवर तपासणी, थोडी औषधे, चार दिवसांची विश्रांती आणि "काढायची गरज नाही" असे सांगणारा डॉक्टर. हे काम बिल भरून होत नाही. ते जवळचे आरोग्य केंद्र करते, आणि खाजगी दवाखान्यावर नजर ठेवणारी यंत्रणा करते. समितीच्या कामानंतर बीड जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याची पद्धत आली, ती याच विचाराने.

सरकारची तीन कामे

यावरून आमचे मत असे बनले आहे की, विमा नसलेल्या माणसासाठी सरकारची कामे तीन आहेत आणि एक केले म्हणून दुसरे सुटत नाही.

पहिले, जवळचा दवाखाना चालू ठेवणे. इमारत असून भागत नाही, डॉक्टर, परिचारिका आणि औषधे हवीत. आपण बेणे प्रक्रिया करतो तेव्हा खर्च थोडा येतो. ती टाळली आणि फडात काणी पसरली की मग कितीही खर्च केला तरी पीक हाती लागत नाही. रक्तदाबाची गोळी ही माणसाची बेणे प्रक्रिया आहे. ती उपकेंद्रात वेळेवर मिळाली तर पुढचा पक्षाघात बऱ्याचदा टळतो.

दुसरे, मोठ्या दुखण्याचे बिल सर्वांच्या पैशातून भरणे. येथे कार्ड उपयोगाचे आहे आणि त्याने कित्येक घरे बुडता बुडता वाचली आहेत, हे मान्य केलेच पाहिजे.

तिसरे, दर आणि दर्जा यांवर लक्ष ठेवणे. महाराष्ट्रात खाजगी शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा १९४९ पासून आहे, आणि २०२१ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार दरपत्रक व रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची आहे. आपण काटा तपासून घेतो, वजनाची पावती मागतो. दवाखान्यात मात्र हात जोडून उभे राहतो. तेथेही दरपत्रक कोठे लावले आहे, हे विचारायला हरकत नाही.

दुसऱ्या मित्राचा आक्षेप उरतो : एवढे पैसे आणायचे कोठून? आक्षेप योग्य आहे, कारण सरकारचा पैसा म्हणजे शेवटी आपलाच. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ मध्ये देशाच्या एकूण आरोग्य खर्चापैकी ६४.२ टक्के लोकांच्या खिशातून जात होता. २०२१-२२ मध्ये हे प्रमाण ३९.४ टक्क्यांवर आले. त्याच काळात सरकारी खर्च देशाच्या सकल उत्पन्नाच्या १.१५ टक्क्यांवरून १.८४ टक्क्यांवर गेला. २०२१-२२ हे करोनाचे वर्ष होते, हे धरूनही दिशा स्पष्ट दिसते. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत २.५ टक्क्यांचे लक्ष्य ठेवले होते. तेव्हा "पैसा नाही" असे म्हणण्यापेक्षा पैसा आज खर्च होतोच आहे, फक्त तो आजारी माणसाकडून, आजाराच्या दिवशी आणि व्याजाने काढला जातो, असे म्हणणे जास्त खरे.

आणि फुकट मिळाले म्हणून लोक सोकावतात का? फुकट आहे म्हणून कोणी आपले पोट फाडून घेत नाही. सोकावण्याची भीती असेल तर ती बिल लावणाऱ्याच्या बाजूने जास्त, आणि त्याला उपाय तिसरे काम हाच.

सहकाराने काय करता येते

शेजारच्या कर्नाटकात २००३ साली सहकारी संस्थांच्या शेतकरी सभासदांसाठी यशस्विनी योजना सुरू झाली. सुरुवातीची वर्गणी माणशी महिन्याला पाच रुपये, म्हणजे वर्षाला साठ होती आणि सरकारने त्यात भर घातली. लाखो सभासद एकदम आल्यामुळे इतक्या थोड्या वर्गणीत शस्त्रक्रिया बसवता आल्या. २०१८ मध्ये ती राज्याच्या मोठ्या योजनेत विलीन केली गेली, आणि मागणी राहिल्याने पुढे पुन्हा सुरू करावी लागली. यातून दोन गोष्टी दिसतात. सहकार माणसे एकत्र आणू शकतो, ही एक. आणि सरकारच्या आधाराशिवाय एकट्या वर्गणीवर हे चालत नाही, ही दुसरी. आपल्या राज्यातले साखर कारखानेही सभासदांचे भाग आणि सरकारचे भागभांडवल अशा दोन पायांवरच उभे राहिले, हे जुन्या सभासदांना सांगायला नको.

ऊसतोड कामगारांसाठी राज्यात गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याण महामंडळ २०१९ साली स्थापन झाले. कारखान्यांनी गाळलेल्या उसावर टनाला दहा रुपये आणि तेवढीच रक्कम सरकारने द्यावी, असे त्याच्या निधीचे सूत्र ठरले. म्हणजे या कामात आपला प्रत्येक टन सामील आहे. तो पैसा आरोग्यावर कसा खर्च होतो, हे विचारण्याचा हक्कही आपल्याला आहे.

गळीत हंगामापूर्वी एवढे करावे

१. घरातील सर्वांची आयुष्मान कार्डे काढून घ्यावीत. आधार आणि शिधापत्रिका यांवरील नावे जुळतात का, हे आजारपण येण्याआधी पाहावे. सत्तरी ओलांडलेल्यांचे वय वंदना कार्ड वेगळे काढावे.

२. दाखल होण्यापूर्वी रुग्णालय योजनेत आहे का, हे विचारावे आणि तेथील आरोग्यमित्राला भेटावे. योजनेचा क्रमांक १५५३८८ आणि आयुष्मान भारतचा १४५५५ आहे. तातडीच्या वेळी १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी.

३. धर्मादाय नोंदणी असलेल्या मोठ्या रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या असतात. उत्पन्नाचा दाखला दाखवून त्या मागाव्यात. ती मेहेरबानी नाही, मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेली योजना आहे.

४. आपल्या शेतात टोळी उतरली की जवळचे उपकेंद्र कोठे आहे ते टोळीतील बायकांना सांगावे आणि आशा ताईंना टोळी आल्याचे कळवावे. गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर हे पहिल्याच दिवशी करावे. आजारी बाईचा खाडा धरू नये, हे मुकादमाला सांगण्याचे वजन शेतमालकाकडे असते. ते वापरावे.

५. ग्रामसभेत रस्त्याबरोबर आरोग्य केंद्राचाही विषय काढावा. डॉक्टरची जागा भरली आहे का, सर्पदंशाची लस आहे का, रक्तदाबाच्या गोळ्या आहेत का, हे तीन प्रश्न विचारले तरी पुष्कळ झाले.

सरकारने आपले काम करावे असा आग्रह धरायचा तर तो दरवर्षी, नावानिशी आणि लेखी धरावा लागतो. पाणीपट्टीची आणि उसाच्या दराची मागणी आपण तशी करतोच. दवाखान्याची मागणीही त्याच अर्जात, त्याच जोराने व्हायला हवी. कार्ड काढण्याबाबत काही अडचण आली तर आपल्या गट कार्यालयात शेतकी मदतनीसांकडे नाव द्यावे. ऊस नोंदीच्या वेळीच हे काम उरकून घेता येईल.

कळावे.

ऊस विकास अधिकारी
शेतकी खाते